क्रेडिट कार्डाचं सेटलमेंट ८५ हजारात करू का? निम्म्याहून जास्त रक्कम मी वापरलेलीच नाही

कुपवाडकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा ही विनंती. मी कुपवाड एमआयडीसीत एका वर्कशॉपला सुपरवायझर आहे, राहायला सांगलीत, आईबाबा तासगावजवळ गावाकडं. माझ्याकडं एका प्रायव्हेट बँकेचं क्रेडिट कार्ड आहे (नाव लिहीत नाही), चार वर्षं कधी एक दिवस उशीर केला नव्हता.

मागच्या ऑक्टोबरात एका रात्री दोन-सव्वादोनच्या सुमारास कार्डावरनं दोन व्यवहार झाले, एक २९,९०० चा आणि एक २८,८०० चा, कुठल्यातरी परदेशी वेबसाइटवर. मी झोपलेलो, सकाळी उठून मेसेज बघितला तर पायाखालची जमीनच सरकली. ओटीपी आलाच नाही, मी कुणाला काही सांगितलेलं नाही, लिंक उघडलेली नाही. साडेसातला कस्टमर केअरला फोन करून कार्ड ब्लॉक केलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पण तक्रार केली, त्याचा नंबर आहे माझ्याकडं. बँकेनं आठ दिवसात पैसे तात्पुरते परत दाखवले, मला वाटलं मिटलं. आणि जानेवारीत परत ५८,७०० नावावर टाकले, मेलमध्ये एकच ओळ, व्यवहार कार्डाच्या योग्य तपशिलाने झाला आहे म्हणून तक्रार बंद.

मला इतका राग आला की मी सगळंच भरायचं बंद केलं. इथं माझं चुकलं हे मला कळतंय. कारण त्याच कार्डावर माझा स्वतःचा खरा खर्च पण होता, ४६,३०० चा, दिवाळीत घेतलेला फ्रिज आणि बाबांच्या मिरजेतल्या तपासण्या. ते मी वापरलेत, ते मी नाकारत नाही.

आता सप्टेंबर आहे आणि आकडा झालाय १,५८,२४०. वसुलीवाले दिवसातनं सात-आठ वेळा फोन करतात. परवा रात्री नऊला बाबांना गावाकडं फोन केला, तुमचा पोरगा फ्रॉड आहे, पोलिस घेऊन घरी येतो म्हणाले. बाबांना बीपी आहे, ते रात्रभर झोपले नाहीत, सकाळी आईचा फोन आला तेव्हा मला कळलं. काल त्यांच्यातला एकजण म्हणतोय की ८५ हजारात सेटलमेंट करून देतो, निम्म्यात मिटतंय बघा, पण आज संध्याकाळपर्यंत या नंबरवर यूपीआय करा, उद्या ऑफर नाही. बायको म्हणते भरून टाका आणि मोकळे व्हा. पुढच्या वर्षी घराच्या लोनचं बघायचंय, सिबिल स्कोअर, म्हणजे लोन देताना बँका बघतात तो आकडा, ७६० होता तो ५९० वर आलाय. काय करू सांगा की कुणीतरी.

साताऱ्याचा अजिंक्य

दादा आधी एक काम कर, आज संध्याकाळी एक रुपया पण पाठवू नकोस. बाकीचं नंतर वाच.

माझं सांगतो. मी साताऱ्यात गोडोलीला राहतो. चार वर्षांपूर्वी माझं असंच कार्ड थकलेलं, माझं वादाचं वगैरे काही नव्हतं, नोकरी गेली होती आणि थकलं होतं. असाच एकजण रोज फोन करायचा, बोलायला गोड, ४० हजारात फाइल बंद करतो म्हणाला, लेटर उद्या मेल करतो म्हणाला. मी बहिणीकडनं पैसे घेऊन त्याच्या नंबरवर पाठवले. लेटर आलं नाही, महिन्यानं त्याचा फोन लागायचा बंद झाला आणि दुसऱ्याच एजन्सीचा फोन सुरू झाला. बँकेत गेलो तर म्हणाले आमच्या खात्यात तुमच्या नावानं काहीच जमा नाही. पोलिसात तक्रार दिली, अजून त्याचं काही झालं नाही. शेवटी बँकेशी वेगळं सेटलमेंट करून परत पैसे भरले, म्हणजे मी दोनदा भरले.

आणि ते झाल्यावर कराडच्या एका शोरूमला गाडीच्या लोनसाठी गेलो तर सिबिलच्या रिपोर्टवर 'सेटल्ड' लिहिलेलं दिसलं आणि लोन नाकारलं. तेव्हा मला कळलं की 'क्लोज्ड' वेगळं आणि 'सेटल्ड' वेगळं. क्लोज्ड म्हणजे याने सगळं फेडलं. सेटल्ड म्हणजे याने कमी दिले आणि बँकेने उरलेलं सोडून दिलं. तो शिक्का वर्षानुवर्षं राहतो. तुला घराचं लोन घ्यायचंय म्हणून हे पोटतिडकीनं लिहितोय.

निवृत्त बँकवाला, विश्रामबाग

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा वसुलीच्या बाजूला. त्यामुळं दोन्हीकडचं बघितलंय.

पहिली गोष्ट, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात. एक तुमचा खर्च, ४६,३००. दुसरी तुम्ही न केलेली रक्कम, ५८,७००. बँकेचं कॉम्प्युटर दोन्हीवर सारखंच व्याज लावतंय आणि वसुलीवाल्याला त्यातलं काहीच माहीत नाही, त्याच्याकडं फक्त १,५८,२४० हा आकडा आहे. तो निम्म्यात मिटतंय म्हणतो तेव्हा कशाचं निम्मं हे बघा. मी कागदावर मांडून बघितलं. तुमचे ४६,३००, महिन्याला साडेतीन टक्क्यांनी नऊ महिन्याचं साधं व्याज होतं १४,५८५ च्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी २,६२५. झाले साडेत्रेसष्ट हजार. लेट फी महिना अकराशे धरून जीएसटीसकट मिळवली तरी पंच्याहत्तर हजार. म्हणजे तो ८५ मागतोय त्यात तुमचं सगळं व्याजासकट आलंच, वर फ्रॉडच्या रकमेतले दहा हजार तुम्हीच भरताय, आणि त्याबदल्यात रिपोर्टवर सेटल्डचा डाग. याला सूट म्हणत नाहीत.

दुसरं, नियम काय सांगतो. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाने न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबद्दल. चूक ग्राहकाची नाही, बँकेची नाही, मधल्या तिसऱ्या कुणाची आहे, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसात कळवलं तर त्याची जबाबदारी शून्य. तुम्ही तर पाच तासात कळवलंय. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकात बँकेवर टाकलेली आहे. व्यवहार योग्य तपशिलाने झाला एवढं लिहून भागत नाही.

आता मला एका प्रश्नाचं उत्तर द्या, नीट आठवून. या कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार तुम्ही कधी चालू केले होते का? १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकापासनं कार्ड देताना ते बंदच असतात, ग्राहकाने स्वतः चालू करायचे असतात. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी लागतच नाही, म्हणून तुम्हाला आला नसेल. पण तो स्विच चालू असल्याशिवाय व्यवहार व्हायला नको. ऑक्टोबरचं स्टेटमेंट काढा, त्यात फॉरेन करन्सी मार्कअपची, म्हणजे परदेशी चलनातल्या व्यवहारावर बँक लावते त्या जादा आकाराची, ओळ आहे का बघा.

कुपवाडकर

काका, हात थरथरतायत लिहिताना. आत्ता स्टेटमेंट बघितलं. दोन्ही व्यवहारांच्या खाली मार्कअप लावलाय, वेगळी ओळ आहे, मी इतके महिने लक्षच दिलं नव्हतं. आणि ॲपमध्ये कार्ड ब्लॉक असलं तरी सेटिंग दिसतंय, इंटरनॅशनल बंद दाखवतंय. मी आयुष्यात देशाबाहेर गेलो नाही, मी कशाला चालू करू? स्क्रीनशॉट काढून ठेवलेत.

त्या माणसाचा सहाला फोन आला होता, मी म्हटलं बँकेचं लेटर पाठवा मग बघू. तर चिडला, म्हणाला लेटर पैसे भरल्यावर निघतं.

वकीलताई, सांगली

लेटर आधी, पैसे नंतर. याच्यात कुठंही तडजोड नाही. बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत मेलवरनं, कार्डाचे शेवटचे चार आकडे, किती रक्कम, कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या खात्यात, आणि भरल्यावर बाकी शून्य होणार हे लिहिलेलं पाहिजे. पैसे थेट कार्डाच्याच खात्यात जमा करायचे. सेटलमेंट करायचा अधिकार एजंटचा नसतोच, बँकेच्या संचालक मंडळानं ठरवलेल्या धोरणाप्रमाणं बँकेतला ठराविक अधिकारी ते मंजूर करतो, ८ जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत हे स्पष्ट आहे. आणि कोरे चेक, पुढच्या तारखेचे चेक कुणी मागितले तर देऊ नका. आत्ता हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. चेक परत गेला की कलम १३८ लागतं आणि मग खरोखर फौजदारी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. माझ्याकडं असे चार-पाच जण दर वर्षी येतात, मूळ कर्जापेक्षा त्या चेकनं जास्त अडकलेले.

वडिलांना फोन केला त्याबद्दल. मला वाचूनच वाईट वाटलं. १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे, वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, घरच्यांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही. एजंटने केलं तरी जबाबदार बँकच. बाबांच्या फोनमधल्या कॉल लिस्टचा फोटो काढून घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. आणि बाबांना सांगा की कार्डाचे पैसे थकले म्हणून पोलिस अटक करत नाहीत, फारतर बँक दिवाणी दावा करेल. त्यांना हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा, फोनवर नको.

मेल आजच करा, बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल ऑफिसरला, ब्रँचला नाही. लांबण लावू नका. माझ्या भाषेत साधारण असं: "दि. अमुक रोजीचे दोन व्यवहार, एकूण रु. ५८,७००, मी केलेले नाहीत व मला मान्य नाहीत. माझ्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार मी कधीही सुरू केलेले नव्हते. ते कोणी, कधी व कोणत्या माध्यमातून सुरू केले याची नोंद मला द्यावी. ही रक्कम, त्यावरील व्याज, मार्कअप, लेट फी व कर परत करावेत. माझा स्वतःचा रु. ४६,३०० चा खर्च मला मान्य असून तो योग्य व्याजासह भरण्यास मी तयार आहे. हे पत्र माझे सर्व हक्क अबाधित ठेवून देत आहे." हे शेवटचं वाक्य गाळू नका.

त्याच मेलमध्ये २०२२ च्या क्रेडिट कार्डाच्या निर्देशांचा उल्लेख करा. फ्रॉड म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत चार्ज लावता येत नाही, न भरलेले चार्ज आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर परत व्याज लावता येत नाही, आणि वाद चालू असताना थकबाकीदार म्हणून सिबिलला कळवताना बँकेनं काळजी घ्यायची असते. तिन्ही नियम तुमच्याबाबतीत मोडलेले दिसतात.

३० दिवस थांबा. उत्तर नाही आलं किंवा परत तीच एक ओळ आली तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडं तक्रार, फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर मराठीत पण माहिती मिळते. आधी बँकेला लेखी न कळवता डायरेक्ट लोकपालाकडं गेलात तर तक्रार परत पाठवतात, म्हणून हा क्रम.

मारुती चौक दुकानदार

सगळे सेटलमेंटला नावं ठेवतायत म्हणून लिहितो, वकीलताईंचं बरोबरच आहे पण सेटलमेंट म्हणजे पाप नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात माझ्या दुकानात छातीइतकं पाणी होतं. होता तेवढा माल चिखल झाला. दोन कार्डं मी माल भरायला वापरलेली, त्यातली प्रत्येक पै माझी होती, वाद कशाचाच नव्हता, पण द्यायला नव्हते. दीड वर्ष फोन घ्यायची भीती वाटायची. शेवटी २ लाख ४० हजाराचं १ लाख ५ हजारात बँकेतनंच लेटर घेऊन मिटवलं, तीन हप्त्यात. डाग लागला हे खरं, पण त्या रात्री मी झोपलो. नंतर दोन वर्षांनी धंदा सावरल्यावर बँकेला लिहून सोडलेली रक्कम पण भरली, नो ड्यूज म्हणजे बाकी काही नाही असं पत्र घेतलं, मग रिपोर्ट क्लोज्ड झाला.

तुमचं माझ्यासारखं नाही. तुमच्याकडं पगार आहे, आणि निम्मं तुमचं नाहीच. ज्याचं देणं खरं आहे आणि ऐपत नाही त्यानं सेटलमेंट करावं. तुम्ही का म्हणून करायचं?

निवृत्त बँकवाला, विश्रामबाग

दुकानदारसाहेब, अगदी पटलं. आणि अजून एक, सेटलमेंट झाल्यावर तीच बँक किमान १२ महिने नवीन कर्ज देत नाही, तो थंड व्हायचा काळ ठरवलेलाच आहे. कुपवाडकर, तुम्हाला पुढच्या वर्षी घर बघायचंय, म्हणून परत सांगतो, वादाची रक्कम उलटवून घ्या आणि आपली आहे ती पूर्ण भरा. पूर्ण भरली की क्लोज्ड. घासाघीस करायचीच असेल तर लेट फीवर करा, मुद्दलावर नको. लेट फी माफ करणं बँकेला सोपं असतं आणि त्यानं सेटल्ड लागत नाही.

तुमचा पगार त्याच बँकेत होतो का? होत असेल तर आधी दुसरीकडं वळवा. त्याच बँकेतल्या बचत खात्यातनं कार्डाची थकबाकी वळती करून घेतल्याची प्रकरणं मी बघितलीत. एकदा पैसे गेले की मग तुमचं बोलणं ऐकायची त्यांना घाई राहत नाही.

कुपवाडकर

पगार दुसऱ्या बँकेत आहे, त्यातल्या त्यात बरं. मेल काल रात्री पाठवला, ताईंनी सांगितलं तसाच. रविवारी गावाला जाऊन बाबांशी बोललो, द्राक्षाच्या बागेत छाटणीचं काम चालू होतं, तिथंच बांधावर बसून सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत बराच वेळ, मग म्हणाले फ्रिजचे तर द्यावेच लागतील. म्हटलं हो, ते देणारच आहे.

कोरेगावची अश्विनी

एक विचारू का, माझ्या भावाला लोकअदालतीची नोटीस आलीय कार्डाच्या थकबाकीची, साताऱ्याच्या कोर्टातनं. घरात सगळे घाबरलेत. जायचं का?

वकीलताई, सांगली

घाबरू नका ताई, ते वॉरंट नाही, तडजोडीसाठी बोलावणं आहे. जावं, कारण तिथं बँकेचा निर्णय घेऊ शकणारा माणूस समोर बसलेला असतो आणि एजंट मध्ये नसतो. फी नाही. पण लक्षात ठेवा, तिथं सही केलेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते, त्यावर अपील नाही. म्हणून जी रक्कम आणि जे हप्ते खरंच झेपतील तेवढ्यालाच हो म्हणा. नाही पटलं तर सही न करता उठून यायचा पूर्ण हक्क आहे. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, भावाला घेऊन आधी तिथं जा. स्त्रियांना आणि ठराविक उत्पन्नाच्या आतल्यांना तिथं मोफत वकील मिळतो.

कुपवाडकर

उशिरा लिहितोय, माफ करा, पण तुम्हा सगळ्यांना सांगायचं होतं.

वसुलीचे फोन मेलनंतर आठवड्याभरात थांबले. २६ व्या दिवशी बँकेचं उत्तर आलं. इंटरनॅशनल कोणी चालू केलं याची नोंद त्यांनी दिलीच नाही, पण लिहिलंय की फेरतपासणीनंतर ५८,७०० आणि त्यावरचं व्याज, मार्कअप, कर परत करत आहोत. बाकी निघाली ८२,१४०. मी काकांनी सांगितलं तसं परत लिहिलं, वाद मिटवायला तुम्हाला वर्ष लागलं, लेट फी काढा. दोन मेल, एक फोन, आणि त्यांनी जीएसटीसकट १४,२७८ काढले. राहिले ६७,८६२. लेटर आधी मागवलं, त्यात पूर्ण भरणा असंच लिहून घेतलं, सेटलमेंट हा शब्द कुठं नाही हे तीनदा वाचून बघितलं. ४० हजार बायकोची भिशी लागली होती त्यातनं आणि राहिलेले पगार झाल्यावर, दोन्ही थेट कार्डाच्या खात्यात. नो ड्यूज आलंय मेलवर.

त्या दिवशी संध्याकाळी पाठवून टाकले असते तर? बायको पण तेच म्हणते आता.

एकच राहिलंय, पंधरा दिवस झाले तरी सिबिलच्या रिपोर्टवर अजून थकबाकी दिसतेय. परत बँकेला लिहू का थांबू?

निवृत्त बँकवाला, विश्रामबाग

मनापासून बरं वाटलं वाचून. बाबांना नमस्कार सांगा.

अजून पंधरा दिवस बघा, बँका रिपोर्टिंग ठराविक दिवसांनी करतात. तोवर झालं नाही तर सिबिलच्या साइटवर डिस्प्युट टाका, नो ड्यूज आणि ते लेटर दोन्ही जोडा. ३० दिवसात दुरुस्त करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. आणि पूर्ण रिपोर्ट वर्षातनं एकदा फुकट मिळतो, तो फक्त सिबिलचाच नको, बाकीच्या तीन कंपन्यांचा पण काढा, घराच्या लोनला बँक कुठला बघेल सांगता येत नाही.